टाकीचा ठसा

जलसाक्षी बसवली आणि सोनवळच्या मरीनात ऋजुता भणगेला कुणी चहाला बोलवेनासं झालं.

त्याआधी असं नव्हतं. खाडी नियंत्रण कार्यालयाची सांडपाणी निरीक्षक म्हणून ती सांगलीहून इथे आली, तेव्हा बोटींवर राहणारी माणसं तिला धक्क्यावरून हाका मारायची. मरीनात शंभरेक बोटी होत्या. पुष्कळशा मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांच्या, वर्षातून एकदोनदा हलणाऱ्या. पण काहींवर माणसं कायमची राहत होती. समुद्र दरवर्षी थोडा पुढे सरकत होता, किनाऱ्यावरच्या घरांना कुणी विमा देत नव्हतं, तेव्हा निवृत्त लोकांनी आणि घरून काम करणाऱ्या जोडप्यांनी बोटींनाच घर केलं होतं. प्रत्येक बोटीच्या पोटात मैल्याची टाकी. ती भरली की धक्क्याच्या टोकाला उपसा केंद्रावर बोट न्यायची, नळी जोडायची आणि टाकी रिकामी करून घ्यायची, हा नियम. नाहीतर तळातली एक कळ फिरवायची आणि सगळं गुपचूप खाडीत सोडून द्यायचं, ही पळवाट. ती पळवाट बंद करणं हेच ऋजुताचं काम होतं, आणि तरीही लोक तिला बोलावून पोहे खायला घालायचे. कारण तिला कधी काही सापडत नसे.

तेव्हा ती बाटल्यांत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवायची. उत्तर यायचं की पाण्यात मैल्यातले जंतू आहेत. कुणाच्या मैल्यातले, ते कळायचं नाही, आणि तोवर भरती-ओहोटीनं ते पाणी कितीदा तरी आत-बाहेर झालेलं असायचं. बोटवाले गावातल्या संडासांना दोष द्यायचे, गाव बोटींना. मरीनाच्या तोंडाशी नांगरलेलं ‘रत्नकुंभ’ नावाचं तीन मजली तरंगतं हॉटेल कुणालाच दोष द्यायचं नाही. ते फक्त आपल्या शुद्धीकरण यंत्राचं प्रमाणपत्र पुढे करायचं.

जलसाक्षीनं हे बदललं. घागरीएवढं ते यंत्र मरीनात पाच-सहा ठिकाणी पाण्याखाली टांगलं होतं. त्यामागचं विज्ञान ऋजुतानं रहिवाशांच्या सभेत समजावून सांगितलं होतं, आणि ती मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे थोडं जास्तच रंगून सांगितलं होतं. माणसाच्या आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू राहतात. कुठली जात किती, हे प्रमाण प्रत्येकात वेगळं असतं, जुळ्या भावांतही ते तंतोतंत जुळत नाही. लहानपणी प्यालेलं पाणी, रोजचं जेवण, घेतलेली औषधं, दारू, दुखणी, सगळ्यांनी मिळून ते ठरतं. बोटीवरच्या दोन-तीन माणसांचा मैला एका टाकीत मिसळला की त्या टाकीचं स्वतःचं असं मिश्रण तयार होतं. जलसाक्षी खाडीतलं थोडं थोडं पाणी ओढून घेते, बारीक पडद्यातून गाळते, सापडलेले जीवाणू फोडते आणि त्यांच्या डीएनएचे धागे अतिसूक्ष्म छिद्रांतून ओवून घेते. धाग्यावरचं एकेक अक्षर छिद्रातून जाताना तिथला विद्युतप्रवाह किंचित बदलतो. त्या बदलांवरून अक्षरं वाचायची, अक्षरांवरून जाती ओळखायच्या आणि जातींच्या प्रमाणावरून टाकी. छिद्रांची युक्ती तशी जुनीच होती. नवं होतं ते खाऱ्या पाण्यात, हजारपट पातळ झालेल्या घाणीतून तासाभरात उत्तर काढणं.

त्यासाठी प्रत्येक टाकीचा नमुना आधीपासून हाताशी हवा. तो ठसा उपशाच्या वेळी घ्यायचा, आणि माणसाचं खाणंपिणं बदलतं म्हणून दर उपशाला नवा घ्यायचा, आणि टाकी भरो न भरो, ठरलेल्या मुदतीत उपसा करायचाच, असं कार्यालयानं ठरवलं.

सभेत गोंधळ झाला. “म्हणजे आमच्या पोटात डोकावणार तुम्ही,” कर्णिक नावाच्या बाई म्हणाल्या. ठसा द्यायचा नाही, असंच सगळ्यांचं ठरत आलं होतं. तेव्हा मधुसूदन कुबल उभे राहिले.

कुबल हे जहाजावरचे निवृत्त मुख्य इंजिनियर. ‘टिटवी’ नावाच्या सागवानी शिडाच्या बोटीवर एकटे राहायचे. पत्नी वारलेली, मुलगी अमृता पुण्यात. मरीनात कुणाचा पंप बिघडला, कुणाच्या बॅटऱ्या बसल्या की त्यांनाच बोलावणं यायचं, आणि ते आपली हत्यारं घेऊन जायचे. त्यांचा शब्द मोडायला लोकांना जड जाई.

“जहाजावरून समुद्रात काय काय सोडतात ते मी जन्मभर बघितलंय,” कुबल म्हणाले. “अंधार झाला की सोडायचं, आणि सकाळी कागद स्वच्छ. इथे तरी तसं नको. ठसा टाकी ओळखण्यापुरता. माणसाच्या तब्येतीचं त्यातून कुणी वाचणार नाही आणि कुणाला सांगणार नाही, असं कलम करारात घाला. ते पाळलं जाईल, मी सांगतो. पहिली सही माझी.”

कलम घातलं गेलं. कुबलांच्या मागोमाग सगळ्यांनी सह्या केल्या.

पण सही करणं वेगळं आणि त्या बाईला समोर बसवून चहा पाजणं वेगळं. आपण किती पितो ते हिला कळतं, असं कुणाला वाटायचं. आपल्याकडे राहून गेलेला पाहुणा हिला कळतो, असं आणखी कुणाला. दोन्ही समजुती अगदीच चुकीच्या नव्हत्या. ऋजुता धक्क्यावरून जायला लागली की बोलणी थांबत. कर्णिकबाई तर खिडकीचा पडदा ओढून घेत. लोक जलसाक्षीला ‘नाक’ म्हणत आणि ऋजुताला ‘नाकवाली’. ते तिच्या कानावर आलं तेव्हा तिला हसू आलं, पण सांगायला कुणी नव्हतं. आई गेल्यावर सांगलीचं घर बंद झालं होतं. लग्न मोडून बरीच वर्षं लोटली होती आणि त्यात आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. उपसा केंद्राच्या वरच्या मजल्यावर कार्यालय आणि मागे तिची खोली. ती एका माणसाचा भात लावी आणि खिडकीतून बोटींच्या स्वयंपाकघरांतले दिवे बघत जेवी.

फक्त कुबल तिला अजून बोलावत.

“ये गो,” ते टिटवीच्या डेकवरून म्हणत. “माझ्या टाकीत काय सापडणार तुला? पेज, कुळथाची पिठी, सुका बांगडा आणि शनिवारची रम. मीच सांगतो, यंत्र कशाला?”

रोज संध्याकाळी ती तिथे जाऊ लागली. कोरा चहा घेत दोघं डेकवर बसत. कुबल इंजिनांच्या गोष्टी सांगत, ती जीवाणूंच्या. कधी कधी दोघंही गप्प बसून ओहोटीला उघडे पडणारे खडक बघत.

त्या खडकांवर तारीवाडीच्या बायका कालवं काढायला येत. वाकून, कोयत्यांनी खडकाला चिकटलेले शिंपले फोडून, आतला मऊ गर डब्यात जमवत. त्यांच्यातली शेवंती तारी एक दिवस सरळ जिना चढून कार्यालयात आली. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्या अंगात साठते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. व्यापाऱ्यांनी सोनवळची कालवं घेणं थांबवलं होतं, आणि वाडीत कावीळ आली होती.

“माझ्या नातीचे डोळे हळदीसारखे झाले, बाई,” शेवंती म्हणाली. “अजून इस्पितळात आहे ती. डॉक्टर म्हणतो, पाणी. पाणी कुणाचा, ता तुमी सांगा.”

ऋजुतानं ते शोधून काढलं. हॉटेलातले पाहुणे रोज बदलत, म्हणून त्यांचा ठसा कधीच लागणार नाही असं हॉटेलवाल्यांना वाटत होतं. पण शुद्धीकरण यंत्रातला गाळ बदलत नाही. त्या गाळात वाढलेल्या जीवाणूंची एक ठरावीक वस्ती असते. यंत्र तपासणीच्या वेळी घेतलेल्या गाळाच्या नमुन्याशी खडकांजवळचं पाणी पुन्हा पुन्हा जुळलं, आणि तेही नेमकं ओहोटी सुरू होताना. पाण्याखालून कुठेतरी चोरनळ होता. पाणबुड्यांना तो सापडेपर्यंत हॉटेलवाल्यांनी काढून टाकलेला असणार, हे उघड होतं. म्हणजे पुरावा होता तो फक्त जलसाक्षीचा.

प्रकरण लवादापुढे गेलं. हॉटेलचे वकील इनामदार यांनी ठशाला हातच घातला नाही. त्यांनी यंत्रालाच आव्हान दिलं. हे यंत्र पाण्याच्या नावाखाली माणसांच्या शरीरांवर पाळत ठेवतं, करारातलं कलम दिखाऊ आहे, म्हणून यंत्राची सगळी वाचनं बाद करा, असं त्यांचं म्हणणं. उत्तरादाखल ऋजुतानं शपथेवर लिहून दिलं की कुणाच्याही आरोग्याविषयी काहीही वाचलं किंवा कळवलं गेलेलं नाही. लिहून दिलं तेव्हा ते खरं होतं.

त्यानंतर टिटवीचा उपसा झाला.

यादीत जातींची नावं आणि त्यांचं प्रमाण असे. ठसा नीट उमटला की नाही हे बघायला ऋजुता त्यावरून नजर फिरवी, एवढंच. टिटवीच्या यादीवर तिची नजर अडली. एरवी माणसाच्या तोंडात राहणारा एक जीवाणू, फ्युझोबॅक्टेरियम, तिथे भलत्याच प्रमाणात होता. सोबत त्याच गोतावळ्यातले आणखी दोन. एकदा दिसलं तर दाताचं दुखणं म्हणून सोडून देता आलं असतं. पण मागच्या उपशालाही तो थोडा वाढलेला होता, तिनं आता उघडून पाहिलं तेव्हा कळलं. त्याच्या आधीच्या उपशालाही. मोठ्या आतड्यात गाठ धरली की हे जीवाणू तिथे येऊन राहतात, हे ती विद्यार्थिदशेपासून वाचत आली होती. खात्रीचं निदान नव्हे. पण कुठल्याही डॉक्टरनं लगेच तपासणी करा म्हणावं इतकी स्पष्ट खूण.

दुसऱ्या कुठल्याही बोटीवर तीन-चार माणसांचं मिश्रण असतं, कुणाचं काय ते कळत नाही. टिटवीवर एकच माणूस राहत होता.

तिनं वरिष्ठांना, सहस्रबुद्ध्यांना फोन केला. नाव न घेता विचारलं, “समजा, एखाद्या ठशात कुणाच्या आजाराची खूण दिसली, तर?”

“दिसत नाही,” सहस्रबुद्धे म्हणाले. “आपल्याला असं काही दिसत नाही, ऋजुता. सुनावणी होईपर्यंत तर अजिबात नाही. तू एक वाक्य बोललीस की इनामदार जिंकले. मग त्या वाडीतल्या पोरांना काय सांगायचं ते तूच ठरव.”

ती संध्याकाळी टिटवीवर गेली. “काका, तुम्ही डॉक्टरांना शेवटचं कधी दाखवलंत?”

“नोकरीत असताना. का गो?”

“सहज. या वयात एकदा सगळी तपासणी करून घ्यावी.”

“मशीन चालू आहे तोवर उघडायचं नाही,” कुबल हसत म्हणाले. “उघडलं की बिघडतं.”

तिनं पुढच्या संध्याकाळी पुन्हा विषय काढला, मग त्याच्या पुढच्या. आपल्या एका मावशीची खोटी गोष्ट सांगितली. आरोग्य शिबिराचं पत्रक आणून ठेवलं. कुबलांनी त्या पत्रकावर चहाचा कप ठेवला. अमृताला फोन करावा, असं एकदा मनात आलं, पण ते तर कलमाच्या आणखीच विरुद्ध झालं असतं. दिवस जात होते. ती त्यांच्यासमोर बसून चहा प्यायची आणि त्यांचा पट्टा एक भोक आत गेलाय का, ते बघायची. पूर्वी या डेकवर तिला बरं वाटायचं. आता ती तिथेही एकटीच होती.

शेवटी एका संध्याकाळी तिनं कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. जीवाणूचं नाव, त्याचं प्रमाण, त्याचा अर्थ, कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, काय तपासणी करायला सांगायचं. कुबल इंजिनाचा बिघाड ऐकावा तसं मान खाली घालून ऐकत राहिले.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?” त्यांनी विचारलं.

“मागच्या उपशापासून.”

“आणि रोज इथे येऊन बसत होतीस.”

“सांगायचा प्रयत्न करत होते.”

“मावशीची गोष्ट,” कुबल म्हणाले. त्यांनी डेकवरून खडकांकडे पाहिलं. “मी लोकांना काय सांगितलं होतं, आठवतं? कुणी वाचणार नाही. माझ्या शब्दावर सह्या झाल्या.”

“मला दिसलं, काका. दिसल्यावर न दिसल्यासारखं नाही करता आलं.”

“वाचलंस ते तुझं चुकलं. वाचूनही इतके दिवस गप्प बसलीस, ते त्याहून चुकलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मला कशाचा राग आलाय ते मलाच कळत नाहीये. तू जा आता.”

दोन दिवसांनी टिटवीच्या दाराला कुलूप दिसलं. अमृता येऊन वडिलांना पुण्याला घेऊन गेल्याचं तिला सुरक्षारक्षकाकडून कळलं. आतड्याचा एक तुकडा काढला, गाठ पसरलेली नव्हती, हेही त्याच्याकडूनच, बऱ्याच दिवसांनी.

कुबल परतले ते शर्ट अंगावर लोंबत असलेले आणि हातात काठी घेऊन. लोक त्यांना भेटायला गेले. ऋजुता गेली नाही. मरीनात चर्चा मात्र सुरू झाली. डोकं दुखलं तरी गोळी न घेणारा हा माणूस अचानक मोठ्या डॉक्टरकडे कसा गेला? आणि ती नाकवाली रोज तिथे बसलेली असायची. ही चर्चा इनामदारांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

सुनावणी रत्नागिरीत होती. ऋजुता पहाटेच्या गाडीनं एकटीच गेली. तिचं ठरलं होतं. विचारलं तर खरं सांगायचं. नोकरी जाईल, वाचनं बाद होतील, पण शपथ मोडल्यावर ती पुन्हा शपथेवर झाकणं तिच्यानं होणार नव्हतं. बाहेरच्या वऱ्हांड्यात शेवंती आणि वाडीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवंतीची नात तिच्या मांडीवर झोपली होती, अजून फिकट.

ऋजुताला वाटलं होतं की पहिली साक्ष तिची होईल. इनामदारांनी आधी कुबलांना बोलावलं.

“तुम्ही आजवर कधी तपासणी केली नव्हती,” इनामदार म्हणाले. “मग यंदाच डॉक्टरांकडे कसे गेलात?”

“रक्त पडत होतं.”

“किती दिवस?”

“मोजायला बसलो नव्हतो.”

“निरीक्षक भणगे रोज तुमच्या बोटीवर येत असत. खरं आहे?”

“चहाला येत असत. बाकी कुणी त्यांना बोलवत नव्हतं.”

ऋजुतानं मान खाली घातली.

“तुमच्या टाकीच्या ठशावरून तुमच्या आजाराविषयी त्यांनी तुम्हाला काही सांगितलं? शपथेवर आहात.”

कुबलांनी काठीवरचा हात बदलला. “नाही,” ते म्हणाले. “त्यांनी मला काही सांगितलं नाही.”

मग ऋजुताला बोलावलं. तोच प्रश्न. ज्या उत्तरासाठी ती पहाटे उठून आली होती, ते उत्तर आता दिलं असतं तर समोर बसलेला हा आजारी म्हातारा खोटी साक्ष देणारा ठरला असता. तिनं कुबलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“नाही,” ती म्हणाली.

निकाल काही आठवड्यांनी लागला. वाचनं ग्राह्य धरली गेली. हॉटेलचा परवाना थांबला, नवं शुद्धीकरण यंत्र बसून तपासलं जाईपर्यंत एकही पाहुणा घ्यायचा नाही, आणि वाडीतल्या आजारी मुलांचा खर्च त्यांनीच करायचा.

पण त्याच्या आधीच, सुनावणीच्या दिवशी, जिन्याजवळ कुबल तिच्यासाठी थांबले होते.

“मी खरं सांगणार होते,” ती म्हणाली.

“ठाऊक होतं. म्हणून इनामदारांनी मला आधी बोलावलं ते बरं झालं.” त्यांना धाप लागत होती. “त्या बायका बाहेर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरून आत गेलो मी. जन्मात कधी इंजिनाचा एक आकडा खोटा लिहिला नाही आणि आज देवाची शपथ घेऊन खोटं बोललो. चुकलो असंही वाटत नाही, हेच वाईट आहे.”

“काका—”

“ऐक. आता तू टिटवीवर यायचं नाहीस. आपल्याला एकत्र बघितलं की लोक विचारणार. एकदा बोललो. रोज रोज मला नाही जमणार.”

“तब्येत कशी आहे, एवढं तरी?”

“ती माझी मी बघेन,” कुबल म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. ती मागे उभी राहिली. मदतीला जाणंही आता बरोबर दिसलं नसतं.

तशी त्यांची तब्येत ऋजुताला कळत होती. दर उपशाला टिटवीची यादी येई, आणि ती सगळ्यात आधी तीच उघडे. फ्युझोबॅक्टेरियम उतरलं, मग दिसेनासं झालं. जेवण सुरळीत झाल्याच्या खुणा दिसू लागल्या. कुबलांच्या मुलीच्या आधी, डॉक्टरांच्या आधी तिला कळत होतं की ते बरे होतायत. एकदा यादी बघून ती खुर्चीतून उठून खोलीभर फिरली, इतका आनंद झाला. मग ती पुन्हा येऊन बसली. ज्यानं आपल्याला तब्येत विचारू दिली नाही, त्याच्या पोटात आपण चोरून बघतोय, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

तिनं जलसाक्षीच्या तंत्रज्ञाला फोन करून जातींची नावं आपल्याला दिसू नयेत अशी सोय करायला सांगितलं.

“पण मॅडम, निरीक्षकाला सगळं दिसायला हवं ना?”

“ठसा नीट उमटला की नाही ते यंत्रच ठरवू दे. मला फक्त टाकी जुळली की नाही एवढं दाखवा.”

त्यानंतर टिटवीच्या नावापुढे एक हिरवा ठिपका यायचा, आणि काही नाही.

खाडी सुधारली. खडकांवरची कालवं विकत घ्यायला व्यापारी पुन्हा येऊ लागले. शेवंतीनं एक दिवस डबाभर कालवं आणून दिली. ऋजुतानं तिला आत बोलावलं, पण ती दारातच उभी राहिली.

“आता आमच्या वाडीतल्या संडासांचेपण ठसे घेणार म्हणे तुम्ही,” ती म्हणाली.

“सरकारचं तसं चाललंय. सगळ्या किनाऱ्यावर.”

“मग आमचापण सगळा दिसणार तुमका.”

“मला नाही दिसत,” ऋजुता म्हणाली. “मी बंद करून घेतलंय ते.”

शेवंतीनं मान डोलावली. तिला ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही. ती गेल्यावर ऋजुतानं कालवं कांद्यावर परतली आणि एकटीनं जेवायला बसली. खूप झाली होती. उरलेली तिनं दुसऱ्या दिवशीही खाल्ली.

हिवाळ्यात टिटवीचा हिरवा ठिपका आला नाही. उपशाची मुदत टळून गेली, बोट जागची हलली नाही. बोटीच्या खिडक्या कार्यालयातून दिसत नव्हत्या. ऋजुता रोज पडद्यावर ती रिकामी जागा बघत राहिली. जे तिनं बंद करून घेतलं होतं, ते उघडूनही आता उपयोग नव्हता. उपसाच झाला नव्हता, तर यादी कुठली? मुदत टळली की निरीक्षकानं स्वतः बोटीवर जाऊन टाकी बघायची, असा नियम होता. तिनं ओळखपत्र गळ्यात अडकवलं, नियमाची वही घेतली आणि दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या देखत, धक्क्यावरून चालत गेली. कर्णिकबाई पडद्याआडून बघत असणार हे तिला माहीत होतं.

तिनं बोटीच्या कडेवर टकटक केली. बराच वेळ काही हललं नाही. मग काठीचा आवाज आला आणि कुबल डेकवर आले. अंग भरलं होतं थोडं. दाढी वाढवली होती.

“उपशाची मुदत संपलीय,” ऋजुता म्हणाली. “टाकी बघावी लागेल.”

“बघ.”

ती आत उतरली. टाकीचा काटा तळाशी होता. कळ बंद, तिच्यावरचं सील शाबूत. तिनं तसं लिहून घेतलं आणि वर आली.

“टाकी जवळजवळ रिकामी आहे,” ती म्हणाली.

“मी इथे नव्हतो. अमृताकडे होतो.”

“तसं आधी कळवायचं असतं.”

“हो. राहिलं.”

तिनं वही मिटली. आता जायला हवं होतं. शेजारच्या बोटीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं आणि एकच टॉवेल बराच वेळ झटकत होतं.

“डॉक्टरांनी बोलावलं होतं,” कुबल म्हणाले, अगदी हळू, खाडीकडे बघत. “परत आत नळी घालून बघितली. काही नाही म्हणाले. आता वर्षानं या.”

“बरं झालं,” ती म्हणाली.

“तुला कळलंच असतं म्हणा. उपसा झाला की.”

“नसतं कळलं. नावं दिसत नाहीत मला आता. मीच काढून टाकायला लावली.”

कुबलांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. काठीनं डेकवरचं पान बाजूला सारलं.

“मुदत टळली की तुला यावंच लागतं का?” त्यांनी विचारलं.

“नियमच आहे तसा.”

“आणि लोक?”

“लोक काय म्हणणार? सरकारी काम आहे.”

“हं,” कुबल म्हणाले. मग नेहमीच्या, शेजारच्या बोटीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मॅडम, पुढचा उपसाही बहुतेक उशिरा होईल माझा.”

“मग मला नोटीस घेऊन यावं लागेल,” ऋजुता तितक्याच मोठ्यानं म्हणाली.

“या,” ते म्हणाले, आणि आत वळले.